झालं म्हणजे कुठे झालं?

चालू मशीनचा प्लग भिंतीतून उपटून काढणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि तिनं तो उपटला तोही ऐन गिऱ्हाइकांसमोर.

मी तेव्हा नुकताच कंपनीत लागलो होतो. बडोद्यात गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत खाली शेड आणि वर चार खोल्या, एवढीच आमची कंपनी. आम्ही विजेच्या उपकेंद्रात बसवायचे रेकॉर्डर बनवायचो. तारांमधून किती वीज वाहते आहे, कोणतं बटण कधी दाबलं गेलं, हे सगळं सेकंदाला हजारो वेळा टिपून ठेवणारा लोखंडी डबा. गिऱ्हाइकांचे फोन घेणं आणि त्यांच्या तक्रारी सांभाळणं हे माझं काम. डब्याच्या आतलं मला ओ की ठो कळत नसे, पण कळतं असा चेहरा करण्याचा मला पगार मिळायचा आणि तो मी इमानानं कमावत होतो.

त्या दिवशी चार पाहुणे आले होते. मी पडद्यावर सरसर पळणारे आकडे दाखवत होतो, बरा रंग जमला होता, चहाही आला होता. तेवढ्यात सुती साडीतली, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेली एक बाई आत आली. कुणाकडे न बघता टेबलाखाली वाकली आणि तिनं प्लग काढला. पडदा काळा झाला. माझा चहा माझ्याच पायावर सांडला.

"सुमनबेन, आ शुं कर्युं!" हे काय केलंत म्हणून आमचा मालक किरीटभाई ओरडला.

"यांच्याकडे वीज काय विचारून जाणार आहे?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी प्लग परत लावला. मशीन उठलं. बाईंनी कागदावर नोंदींचा आकडा लिहून आणला होता, पडद्यावरही तोच आकडा होता. एकही नोंद गेली नव्हती. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते गिऱ्हाईक आम्हाला मिळालं, आणि त्यानंतर प्रत्येक पाहुण्यासमोर सुमनताईंनी प्लग काढायचा, असा किरीटभाईनं रिवाजच पाडला. मी मात्र प्रत्येक वेळी दचकायचो. पंधरा वर्षं दचकलो.

या सुमनताई शितोळे. डब्याच्या आतला डेटाबेस त्यांनी एकटीनं, सी भाषेत लिहिलेला होता. बाजारात मोठमोठे तयार डेटाबेस मिळत असताना हा घरचा उद्योग कशाला, असं कुणीतरी नवा इंजिनिअर दर वर्षी विचारायचाच. त्याला त्या विचारायच्या, "तुमच्या घरी भाजीत मीठ घालायचं झालं तर प्रत्येक वेळी दुकानात जाता?" तो नाही म्हणायचा. "मग? मीठ ओट्यावर असतं. माझा डेटाबेस ओट्यावर आहे. प्रोग्रामच्या हाताशी. त्यानं कुणाला हाक मारायची नाही, कुणाची वाट बघायची नाही." एवढं बोलून त्या वळायच्या. ज्याला कळलं त्याला कळलं.

त्यांचा वेगाचा मंत्र एकच होता, सामान हलवू नका. माहिती इथून उचलून तिथे, तिथून उचलून आणखी तिसरीकडे ठेवण्यात सगळा वेळ जातो, म्हणून ती आली तिथेच राहू द्यायची आणि आपण तिथे जायचं. हे मला पटलं ते त्यांच्या गोत्रीतल्या घरी जेवायला गेलो तेव्हा. त्या स्वयंपाक करताना डब्यांकडे बघतच नव्हत्या. हात मागे जायचा आणि हळद यायची. मी आपला मदतीच्या उत्साहात मोहरीचा डबा धुऊन दुसऱ्या फळीवर ठेवला, तर पुढच्या फोडणीत धणे पडले. "चिटणीस," त्या म्हणाल्या, "तुम्ही आता बाहेर बसा." ते वरण मी मुकाट्यानं खाल्लं.

माझ्या आडनावावर त्यांचा राग होता की लोभ, मला कधी कळलं नाही. आमचे पूर्वज बडोद्याच्या दरबारात कारकुनी करायचे आणि त्यांचे पहाऱ्यावर असायचे. "तुमच्या घराण्यानं लिहायचं आणि आमच्या घराण्यानं राखायचं," असं त्या चिडवायच्या. त्यांच्या आजोबांची एक शिकवण त्यांच्या तोंडी नेहमी असे. पहारा बदलताना समोर सख्खा भाऊ आला तरी नाव विचारायचं, तोंड ओळखीचं आहे म्हणून सोडायचं नाही. सुमनताईंनी ती शिकवण जशीच्या तशी डेटाबेसमध्ये घातली होती. प्रत्येक नोंदीबरोबर तिची खूण लिहिलेली असायची, आणि वाचताना ती खूण जुळली तरच नोंद आत. हजारदा वाचलेली असली तरी एक हजार एकाव्या वेळी पुन्हा नाव सांगायचं. मीही त्यांच्या खोलीचं दार वाजवलं की आतून "कोण?" यायचं. आवाज ओळखीचा असला तरी. "मी" म्हटलेलं चालायचं नाही.

पण त्यांचा खरा परवलीचा प्रश्न वेगळा होता. आमच्या बडोद्यात निम्मी कामं 'चालशे' या एका शब्दावर चालतात. थोडं वाकडं असलं तरी चालशे, उद्या दिलं तरी चालशे. मी या शब्दावर वाढलेला माणूस. सुमनताईंना तो शब्द ऐकूनच ठसका लागे. कुणी येऊन "झालं" म्हणालं की त्या पेन्सिल खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "झालं म्हणजे कुठे झालं?"

हे खूळ कुठून आलं तेही त्यांनी मला एकदा सांगितलं. प्रोग्राम डिस्कला म्हणतो, हे लिही. डिस्क म्हणते, झालं. पण तिनं ते नुसतं ओंजळीत घेतलेलं असतं, खाली ठेवलेलं नसतं. तेवढ्यात वीज गेली की ओंजळ रिकामी. म्हणून डिस्कला बजावून विचारायचं, खाली ठेवलंस का? तिची पक्की पोच आली की मगच आपण पुढे 'झालं' म्हणायचं. "बहुतेक जण विचारत नाहीत," त्या म्हणाल्या, "कारण विचारलं की वेळ जातो. मी बाकी सगळीकडे वेळ वाचवते, तो इथे खर्च करायला." मी मान डोलावली. मला वाटलं, बाई डिस्कबद्दल बोलताहेत.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. 

दोन वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका कारखान्यात अपघात झाला. कारखान्याचं स्वतःचं उपकेंद्र होतं आणि त्यात आमचा रेकॉर्डर. लाइनवर दुरुस्ती चालू होती. पद्धत अशी की लाइनवरची माणसं बाजूला झाली की तिथून एक किल्ली फिरवायची, आत ऑपरेटरसमोर हिरवा दिवा लागतो, आणि मग त्यानं बटण दाबून वीज सोडायची. वीज सुटली तेव्हा एक माणूस तिथेच होता. जिवावरचं हातावर निभावलं, पण हात कोपरापर्यंत भाजला. प्रश्न एवढाच उरला, की ऑपरेटरनं बटण दिवा लागल्यावर दाबलं की आधी? आधी असेल तर दोष त्याचा. कारखान्यानं आमच्या डब्यातली नोंद मागवली. नोंद स्वच्छ सांगत होती, आधी बटण, मग दिवा.

या नोंदीवर ती खरी असल्याची कंपनीची सही हवी होती. सुमनताईंनी कागद दोनदा वाचला, खुणा जुळवल्या आणि सही केली.

चार दिवसांनी तो ऑपरेटर स्वतः गोरव्याला आला. रमणभाई. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा डबा, म्हणजे घरी अजून कामावर जातो असंच सांगत असणार. त्याला निलंबित केलं होतं. खुर्चीच्या टोकावर बसून तो एकच वाक्य म्हणत राहिला, "में लाइट जोईने ज दाब्युं'तुं, बेन." दिवा बघूनच दाबलं.

"भाई, माझी नोंद खोटं बोलत नाही," सुमनताई म्हणाल्या. हे त्यांनी गुर्मीत म्हटलं नाही, दोन अधिक दोन चार म्हणावं तसं म्हटलं.

रमणभाई उठला. त्यानं हात जोडले. दारात थांबून म्हणाला, "बेन, त्या झटक्यात वीज गेली. तुमचं मशीन तेव्हा जागं होतं?"

तो गेला.  सुमनताई उठल्या, एक रेकॉर्डर टेबलावर घेतला, त्याला एकाऐवजी दोन तारा जोडल्या, एक दिव्याची आणि एक बटणाची, आणि प्लग काढला. लावला. पुन्हा काढला. तीन दिवस त्या खोलीतून दुसरा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला आणि किरीटभाईला बोलावलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

मी हसलो. खरंच हसलो, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडून पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं. मग त्यांचा चेहरा पाहिला.

चूक अशी होती. दिव्यासारख्या क्वचित येणाऱ्या नोंदी डबा थोडा वेळ हातात धरतो आणि साठल्या की एकदम लिहितो. एरवी प्रत्येक नोंदीवर ती आली तेव्हाची वेळ पडते. पण वीज गेली की डबा पोटातल्या छोट्या बॅटरीवर हातातलं सगळं घाईघाईनं लिहून टाकतो, आणि त्या घाईत वेळ पडत होती ती लिहितानाची. दिवा आधी लागला होता. त्याची नोंद हातात राहिली होती, बटणाची मात्र लगेच लिहिली गेली होती. वीज जाताना ती खाली ठेवली गेली आणि बटणाच्या मागे जाऊन बसली.

"पण तुम्ही तर रोज प्लग काढायचात!" मी म्हणालो.

"काढायचे आणि मोजायचे. किती होत्या, किती राहिल्या. सगळ्या राहायच्या." त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आधी कोण आलं, हे विचारायचं राहिलं. नाव विचारलं, वेळ विचारलीच नाही."

किरीटभाई वाईट माणूस नव्हता. पण त्याच महिन्यात मोठं काम हातात येणार होतं आणि घाम त्याच्या कपाळावर दिसत होता. तो म्हणाला, "सुमनबेन, नवी आवृत्ती पाठवू. सगळ्या गिऱ्हाइकांचं दुरुस्त होऊन जाईल. बोलायची काय गरज? चालशे."

"रमणभाईचं कुठल्या आवृत्तीत दुरुस्त होणार?" सुमनताईंनी विचारलं. किरीटभाईनं रुमालानं कपाळ पुसलं. मला तर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मी निवांत होतो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "चिटणीस, असं उलटसुलट दिसल्याची तक्रार पूर्वी कुणी केली होती?"

"नाही," मी म्हणालो. "आठवत नाही," असंही म्हणालो. दोन्ही एकाच श्वासात.

त्यांनी तक्रारींची वही मागितली. ती त्यांनी पान पान वाचली. अपघाताच्या वर्षभर आधीची, दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाची, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली नोंद होती. वीज गेल्यानंतर दोन नोंदींचा क्रम उलटा दिसतो. आणि त्याखाली, त्याच दिवशी, माझंच उत्तर. ग्राहकाचं घड्याळ चुकीचं, तक्रार बंद. सही माझी. मी सुमनताईंना विचारलंच नव्हतं. त्यांना विचारलं की दहा उलटे प्रश्न येतात, म्हणून. त्या गिऱ्हाइकाचं घड्याळ मी पाहिलंही नव्हतं. ते मला तेव्हा आठवलं, लख्ख आठवलं. त्या दिवशी मी जिना चढून वर सुमनताईंकडे गेलो असतो, तर रमणभाईचा डबा भरून रोज कामावर गेला असता.

मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी वही बंद करून माझ्याकडे दिली.

"चूक माझी, दाबली तुम्ही," त्या म्हणाल्या. "दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकीत दुसरी मिसळू नका."

चौकशी कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत होती. समोर तीन माणसं. एका बाजूला रमणभाई, तोच इस्त्रीचा शर्ट. किरीटभाई आलाच नाही, त्यानं मला पाठवलं, कंपनीचा माणूस म्हणून. सुमनताई उभ्या राहिल्या. त्यांनी वकिली केली नाही की रडगाणं गायलं नाही. "या कागदावर माझी सही आहे. ती चुकीची आहे," असं म्हणून सुरुवात केली. मग टेबलावर डबा ठेवला, दोन तारा जोडल्या, समोरच्यांना सांगितलं की आधी दिवा लावा, मग बटण दाबा. त्यांनी तसं केलं. सुमनताईंनी वाकून प्लग काढला. लावला. पडद्यावर आलं, आधी बटण, मग दिवा.

 इतकी वर्षं जो प्लग त्या आपला डबा किती पक्का आहे हे दाखवायला काढायच्या, तोच त्यांनी तो कच्चा आहे हे दाखवायला काढला होता.   रमणभाईला सगळं कळलं की नाही ठाऊक नाही. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

समोरच्यांपैकी एकानं विचारलं, "ही गोष्ट कंपनीच्या कानावर यापूर्वी आली होती का?"

"तक्रारींचं काम यांच्याकडे आहे," सुमनताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या मांडीवर होती. त्या पिशवीचं वजन मी आजही सांगू शकेन. मी म्हणालो, "तपासून सांगतो."

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना पान माहीत होतं, ओळ माहीत होती. एक शब्द बोलल्या असत्या तर त्यांच्या डोक्यावरचं निम्मं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं.  बाहेर आल्यावर मी विचारलं, की तुम्ही सांगितलं का नाहीत? "दुसऱ्याच्या नोंदीवर मी सही करत नाही," त्या म्हणाल्या आणि रिक्षा बघायला लागल्या. मला वाचवलं असं मी काही दिवस समजत होतो. इतका मूर्ख मी आहे.

रमणभाई कामावर परत गेला. मोठं काम आमच्या हातून गेलं. सुमनताईंनी आधी सगळ्या गिऱ्हाइकांकडची दुरुस्ती पुरी केली, प्रत्येकाची लेखी पोच मागवून फाइलला लावली आणि मग नोकरी सोडली. निरोपाचा पेढाही खाल्ला नाही. नव्या माणसाला शिकवताना मात्र एक वाढीव गोष्ट सांगून गेल्या. प्लग काढल्यावर नुसतं किती राहिलं ते विचारू नका, आधी कोण आलं तेही विचारा.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. गेल्या महिन्यात, गोत्रीत, पिठाच्या गिरणीत. मी कारेलीबागेतून एका ओळखीच्यांकडे चाललो होतो आणि रस्त्यावरूनच ती सुती साडी आणि ते पुरुषी घड्याळ दिसलं. केस बरेच पिकले होते. गिरणीवाला "थई गयुं, बेन," झालं, म्हणत डबा पुढे करत होता, आणि त्या झाकण उघडून, चिमूटभर पीठ बोटांत घेऊन, डब्यावरचं नाव आपलंच आहे ना हे वाकून बघत होत्या. मला हसू आलं. मी जवळ गेलो.

"कोण?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चिटणीस," मी म्हणालो.

"बरे आहात?" त्यांनी झाकण लावलं. मग वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "ते तुम्ही तपासून सांगणार होतात. झालं का?"

दीड वर्ष गेलं होतं. ती गोष्ट सगळे विसरले असतील असं मी धरून चाललो होतो. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "झालं."

"झालं म्हणजे कुठे झालं?"

गिरणी चालू होती. तिच्या आवाजाचा आडोसा मिळाला म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. डबा स्कूटरवर पायापाशी ठेवला, पदर खोचला, दोन्हीकडे बघितलं आणि गेल्या. वळणावर त्यांच्या पाठीला पिठाचा एक पांढरा डाग दिसला, तेवढाच.

घरी आलो आणि चौकशीपासून घरीच दडवून ठेवलेली ती वही काढली. त्या पानाची प्रत आणि सोबत एक पत्र त्या कारखान्याला पाठवलं. तक्रार आली होती, मी ती न तपासता बंद केली, चौकशीत मी ते लपवलं. खाली सही केली, संपूर्ण नाव लिहिलं. एक पत्र रमणभाईच्या नावानंही टाकलं.

पोच अजून आलेली नाही. तोवर झालं असं मी म्हणत नाही.